डावा कान, गरब्याचं स्टेज आणि बिघडलेलं मिक्स: बडोद्याच्या वादकांसाठी कानांचा धागा

सूरसागरकाठी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात वाढलो. कीबोर्ड वाजवतो, गेली अकरा वर्षं नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर असतो. उरलेलं वर्ष घरच्या मागच्या खोलीत लोकांची भजनं, गझला, मुलांची गाणी रेकॉर्ड करतो. आज लिहायला बसलो त्याचं कारण माझा डावा कान.

गंमत म्हणजे शंका आधी मिक्सची, म्हणजे आवाजांच्या जुळवणीची आली, कानाची नंतर. दिवाळीच्या आधी एका मावशींच्या अभंगांचं काम करून पाठवलं. त्यांच्या मुलाचा फोन आला. जरा चाचरतच म्हणाला, "दादा, झांजा फार टोचतायत. आईचा 'स' पण शिट्टीसारखा येतोय." मी परत लावून ऐकलं. मला सगळं छान मोकळं वाटत होतं. मग जुनी कामं काढली, पाच वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं एकापाठोपाठ एक लावलं, ईक्यूच्या (कुठले स्वर किती चढवले-उतरवले त्याच्या) रेघा बघितल्या. ४ ते ६ हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वरांच्या पट्ट्यात मी दर वर्षी थोडा थोडा आवाज चढवत नेला होता. मला जे ऐकू येईनासं झालं होतं, ते मी लोकांच्या गाण्यांत भरून काढत होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मग कान तपासायला गेलो. छोट्याशा बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीकसा "टीं" आला की दाबायचं. उजवा कान बरा गेला. डाव्याच्या वेळी मध्येच एकदम शांत झालं. मला वाटलं मशीन अडकलं. काचेपलीकडे बघितलं तर ताईंचा हात चालूच होता. त्या आवाज वाढवत होत्या आणि मी बटण हातात धरून नुसता बसलो होतो.

कागद समोर आहे. ४००० हर्ट्झला डाव्या कानाची रेघ ४५ डेसिबलपर्यंत खाली उतरते (जितकी खाली तितकं ऐकू कमी) आणि ८००० ला परत वर येते. उजव्या कानाची तिथेच २५. डावीकडेच का? कारण अकरा वर्षं माझ्या डाव्या हाताला ड्रमरच्या झांजा आहेत आणि त्यामागे साइड फिल, म्हणजे वादकांसाठी स्टेजच्या कडेला लावलेला स्पीकर.

याच नवरात्रात सहाव्या रात्री मी सहज फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप कीबोर्डच्या स्टँडवर ठेवलं होतं. आकडा ९८ ते १०२ मध्ये फिरत होता. तेव्हा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि विसरलो. आता हिशोब केला. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, त्याच्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त १५ मिनिटं. आम्ही रात्री चार तास वाजवतो. सरासरी १०० धरली तर एका रात्रीत सोळा दिवसांचा कोटा संपतो. नऊ रात्रींचे १४४ दिवस. आणि सकाळी मी हेडफोन लावून मिक्सला बसत होतो.

कानात शिट्टी वाजणं म्हणजे वादकाचं ठरलेलंच, असं मला विशीत सांगितलं गेलं आणि मी ते मानलं. मानायला नको होतं. इथे वाजवणारे, गाणारे, घरी रेकॉर्डिंग करणारे बरेच आहेत. तुमचं काय चाललंय ते मोकळेपणाने लिहा.


ढोलमांडवी | रविवार, रात्री १०:०५

दादा, वाचून पोटात गोळा आला. मी ढोल आणि ऑक्टोपॅड दोन्ही वाजवतो. गरबा संपला की गाडीत बसल्यावर कानात कापूस कोंबल्यासारखं होतं, घरचे काय बोलतात ते दोनदा विचारावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरतं. उतरतं म्हणजे बरं झालं असंच धरून चाललो होतो.

आम्ही खरोखरचा कापूसच घालतो. त्याने काही होतं का?


रावपुरा_टॉवर | रविवार, रात्री १०:३१

जुन्या माणसाचा अनुभव लिहितो. मी बडोद्याजवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली. कॉम्प्रेसर हाउसच्या दारावर पाटी होती, इअर मफ घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. सुपरवायझर विसरला तर हेल्पर त्याला अडवायचा, आणि ते कुणाला अपमानाचं वाटत नसे. दर वर्षी कंपनी कानांची तपासणी करायची, जुना कागद नव्याशेजारी ठेवून बघायची.

माझा मुलगा गरब्याच्या ग्रुपमध्ये तबला आणि कोंगो वाजवतो. मी एकदा स्टेजच्या मागे गेलो होतो, त्या कॉम्प्रेसर हाउसची आठवण झाली. फरक एवढाच की दारावर पाटी नव्हती. भारतात कारखान्यांसाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. स्टेजवरच्या पोराचा कान मोजायला कोण येतं?


श्रवणिका | सोमवार, सकाळी ७:४५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासणं हेच माझं काम. धागा सकाळी चहाबरोबर उघडला आणि चहा गार झाला. सविस्तर लिहिते.

सूरसागरकाठी, तुमच्या कागदावर जी खाच आहे ती मोठ्या आवाजाने झालेल्या नुकसानाची ठरलेली खूण आहे. ३ ते ६ हजार हर्ट्झमध्ये खाली, पुढे परत वर. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा रेघ उतरत जाते ती उतरतच राहते, अशी वर येत नाही. खाच तिथेच पडते त्यात कानाच्या नळीचा हात आहे: तिच्या लांबीमुळे अडीच-तीन हजारांच्या आसपासचे आवाज आपोआप मोठे होऊन आत जातात, आणि आत इजा होते ती त्याच्या थोडी वर.

आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, कर्णावर्त. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, एका कानात साधारण पंधरा हजार. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दाराशी असलेल्या पेशी उंच स्वरांच्या, आत गाभ्याशी असलेल्या खर्जाच्या. म्हणून आधी झांजेची चमक जाते, तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झिलई जाते, बोलण्यातले 'स', 'फ', 'थ' पुसट होतात. खर्ज शाबूत असतो, त्यामुळे माणूस म्हणतो "मला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात".

ढोलमांडवी, तुम्हाला जे होतं ती कानाची तात्पुरती बधिरता. उतरली म्हणजे नुकसान झालं नाही असं नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. आवाजानंतर उंदरांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत झालं, पेशीही जागेवर होत्या, पण पेशी आणि नस यांना जोडणारे सांधे कायमचे तुटलेले निघाले. माणसात हे नेमकं किती होतं यावर अभ्यास चालू आहेत. पण माझ्याकडे येणारे कितीतरी वादक सांगतात, रिपोर्ट नॉर्मल आहे पण लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं कळत नाही.

कापसाने काहीही होत नाही म्हटलं तरी चालेल. पाच-सात डेसिबल कमी होतात, तेही वरच्या स्वरांचे. त्याने फक्त मनाला धीर येतो आणि माणूस जास्त वेळ उभा राहतो.

फोमचे पिवळे-नारिंगी प्लग केमिस्टकडे मिळतात, स्वस्त आहेत, काम चांगलं करतात. पण घालता यायला हवेत. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. समोरून बघणाऱ्याला प्लग मोठा बाहेर आलेला दिसला तर तो नीट बसलेला नाही. मी रोज बघते, दहातले निम्मे लोक नुसता टेकवून ठेवतात.

फोमची अडचण अशी की तो उंच स्वर जास्त कापतो, सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. म्हणून वादकांसाठी वेगळे प्लग असतात. त्यात छोटी गाळणी असते, सगळे स्वर जवळजवळ सारखेच खाली आणते. कानाच्या मापाचा साचा घेऊन करतात त्यात ९, १५, २५ डेसिबलच्या गाळण्या बदलता येतात. १५ ची गाळणी म्हणजे १०० चे ८५. सूरसागरकाठी, तुमचाच हिशोब परत करून बघा, चार तास बसतात.

फोनच्या अ‍ॅपचा आकडा अंदाज म्हणून धरा. फोनचा माइक फार मोठ्या आवाजाला चेपतो, खरा आकडा जास्तही असू शकतो.


पेटीवाली_आज्जी | सोमवार, सकाळी ११:१०

श्रवणिका ताई, तुम्ही इतकं छान समजावलंत म्हणून धीर करून विचारते. माझं वय ७१. या शहरात १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली संगीतशाळा सुरू केली, तिचंच पुढे सूरसागरासमोर कॉलेज झालं, तिथे मी शिकले. पन्नास वर्षं घरी मुलींना गाणं शिकवते.

दोन महिन्यांपासून असं होतंय की पेटीचा षड्ज धरला की उजव्या कानाला तो बरोबर लागतो आणि डाव्याला किंचित उतरलेला. एकच सूर, दोन कानांना दोन. तंबोरा जुळवताना मी रडकुंडीला आले. मुलींना सांगितलं नाही. शिकवणारीच बेसूर ऐकते हे कसं सांगणार? ट्यूनरवाल्याला बोलावून पेटी तपासून घेतली, पेटी ठीक आहे. हे डोक्यातलं आहे का कानातलं?


श्रवणिका | सोमवार, दुपारी १:३०

आज्जी, हे कानातलं आहे, आणि तुमचा गळाही बिघडलेला नाही, समजही नाही. याला नाव आहे, डिप्लाक्युसिस. दोन्ही कानांतल्या पेशी सारख्या चालेनाशा झाल्या की एकच स्वर दोन उंचींवर ऐकू येतो. साधारण माणसाला कळतही नाही. तुम्हाला कळलं कारण पन्नास वर्षं सूर जुळवलात.

पण एका कानातला असा बदल दोन महिने अंगावर काढायचा नसतो. या आठवड्यातच कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा कागद) करून घ्या. सोबत चक्कर, कान भरल्यासारखा वाटणं, ऐकू येण्यात चढउतार असं काही असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. सयाजी हॉस्पिटलच्या कान विभागात गेलात तरी चालेल.


पेटीवाली_आज्जी | सोमवार, दुपारी १:५२

कान भरल्यासारखा वाटतो. मला वाटलं मळ असेल, रोज कोमट तेल घालते.


श्रवणिका | सोमवार, दुपारी १:५८

आज्जी, तेल आजपासून बंद. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन जंतुसंसर्ग होतो. आधी दुर्बिणीने कान बघू देत. काडी, केसांची पिन, काहीही नको. आणि कृपया उद्याच जा.


ध्वनी_वारसिया | सोमवार, सायंकाळी ६:४०

मी साउंडचं काम करतो. धागा वाचून आधी थोडं वाईट वाटलं, कारण शेवटी बोट आमच्याकडेच येतं. पण स्टेजवर आवाज का चढतो ते आमच्या बाजूने सांगायलाच हवं, नाहीतर उपाय सापडणार नाही.

प्रेक्षकांकडचे मोठे स्पीकर स्टेजच्या पुढे असतात. वादकाच्या कानाला मारतात ते त्याच्या पायाशी ठेवलेले मॉनिटर, साइड फिल आणि ड्रमसेट. साउंडचेकला ढोलवाला म्हणतो "मला थोडं वाढव". त्याचा वाढला की गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिचा वाढवतो. मग कीबोर्डवाला. तीन फेऱ्यांत स्टेज ६ डेसिबलने वर गेलेलं असतं, आणि कुणालाच आधीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येत नसतं. पहिल्या रात्री सुरुवात जिथे होते, तिसऱ्या रात्री त्याच्या वर होते, कारण तोवर सगळ्यांचे कान थोडे बधिर झालेले असतात.

माझ्याकडे चालणारी गोष्ट: कुणी "वाढव" म्हणालं की मी आधी विचारतो, "काय ऐकू येत नाही?" बहुतेक वेळा उत्तर येतं "माझंच". मग त्याच्या मॉनिटरमधून बाकीच्यांचं कमी करतो. त्याचं वाढवावं लागतच नाही. दुसरं, मॉनिटर निम्म्या अंतरावर आणून तोंड बरोबर कानाकडे केलं तर त्याच पातळीला साधारण ६ डेसिबल जास्त मिळतात. मग ते ६ कमी करून टाकायचे. गुडघ्यांना गाणं ऐकवून काय उपयोग?

आणि झांजा. कीबोर्डवाला खुर्चीवर बसतो, ड्रमरची क्रॅश झांज बरोबर त्याच्या कानाच्या उंचीला येते. ड्रमर दीड फूट मागे सरकला, मध्ये पारदर्शक शीट लावलं, तरी फरक पडतो. सूरसागरकाठी, पुढच्या वर्षी स्टेज लावताना मला आधी फोन करा.


सूरसागरकाठी | सोमवार, रात्री ९:०५

नक्की करतो. आणि बोट तुमच्याकडे नाही, भाई. "वाढव" म्हणणाऱ्यांत मी पहिला असायचो. अकरा वर्षांत एकदाही "बाकीचं कमी कर" असं म्हटल्याचं आठवत नाही.

कानात घालायचे इन-इअर मॉनिटर घेतले तर प्रश्न सुटेल का?


ध्वनी_वारसिया | सोमवार, रात्री ९:२२

सुटू शकतो, अडकूही शकतो. नीट बसणारे असतील तर बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबल अडतो, त्यामुळे आतला कमी ठेवता येतो. पण माझ्यासमोर निम्मे लोक एक कान काढून ठेवतात, "पब्लिक ऐकू येत नाही" म्हणून. मग उघडा कान स्टेजचा सगळा मार खातो. आणि दोन्ही कानांनी ऐकताना तोच आवाज जास्त वाटतो, एकाने ऐकताना कमी वाटतो, म्हणून इन-इअर असलेल्या कानात आवाज चढवतात. दोन्ही कान जातात. पब्लिक हवं असेल तर स्टेजच्या कडेला एक माइक प्रेक्षकांकडे वळवून लावा आणि तो थोडा इन-इअरमध्ये सोडा. मिक्सरवर लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा) लावल्याशिवाय कुणाला इन-इअर देऊ नये. एकदा माइकने शिट्टी मारली की ती कानात थेट जाते, काढायला वेळ मिळत नाही.


ढोलमांडवी | सोमवार, रात्री ९:४०

पण कान आपोआप आखडतात ना मोठ्या आवाजाला? असं कुठेतरी वाचलं होतं.


श्रवणिका | सोमवार, रात्री १०:१५

मध्यकर्णात एक इवलासा स्नायू आहे, तो आखडतो, खरंय. पण त्याला थोडा वेळ लागतो, आणि ढोलाची थाप त्याआधीच येऊन गेलेली असते. शिवाय तो खालच्या स्वरांनाच जास्त अडवतो आणि थोड्या वेळाने थकतो. त्याच्या भरवशावर राहू नका.


घरचा_स्टुडिओ | मंगळवार, सकाळी ९:३०

स्टेजचं बरंच झालं. मी घरात बसून काम करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण आपल्याला वाटतं की नुकसान गरब्यातच होतं.

कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर माझी खोली. मे महिन्यात ४२ अंश, पंखा बंद करता येत नाही. पंख्याच्या वर ऐकू यावं म्हणून मी उघड्या पाठीचे (बाहेरचा आवाज आत येऊ देणारे) हेडफोन चढवत होतो. सहा-सात तास. बंद पाठीचे घेतल्यावर आवाजाची मूठ जवळजवळ पाव फेरा खाली आली. इतकं साधं.

दुसरं, पातळी ठरवून टाका. खोली लहान असेल तर एका स्पीकरमधून पिंक नॉइज (पातळी मोजायला वापरतात तो एकसारखा सळसळता आवाज) सोडून, बसायच्या जागी मीटर ठेवून साधारण ७५ डेसिबल येईल तिथे मुठीवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. सिनेमाच्या मोठ्या हॉलसाठी ८३-८५ चा दंडक आहे, तो आपल्या दहा बाय दहाच्या खोलीसाठी नाही. काम टेपवरच करायचं. दिवसातून एकदा पाच मिनिटं मोठ्याने ऐकायचं असेल तर ऐका आणि परत टेपवर या.

मोठ्याने ऐकलं की मिक्स चांगलं वाटतं, याचं कारण कानाची घडणच तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की डग्गा भरतो आणि आपण खूश होतो. म्हणून मी तोल हळू आवाजातच ठरवतो. बोलण्याच्या पातळीवर गायिकेचा शब्द आणि डग्ग्याचा गाभा दोन्ही जागेवर असतील तर मोठ्यानेही राहतात.

आणखी काही सवयी. हेडफोन घालण्याआधी इंटरफेसची (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीची) मूठ शून्यावर. फँटम पॉवर (माइकला वायरीतून मिळणारी वीज) चालू असताना माइकची वायर ओढायची नाही, तो फट्‌ आवाज थेट पडद्यावर येतो. हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर शेवटी एक लिमिटर कायमचा ठेवा, एखादा प्लगइन बिघडून किंचाळतो तेव्हा तोच वाचवतो. गायला आलेली माणसं हेडफोनमधला ट्रॅक फार मोठा मागतात, कारण त्यांना स्वतःचा सूर सापडत नाही. ट्रॅक वाढवण्याऐवजी त्यांचा आवाज थोडा वर आणि तंबोरा स्वच्छ ठेवला की मागणी आपोआप थांबते. आणि क्लिक, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजते ती. ती टिकटिक नेमकी ज्या पट्टीत कान सगळ्यात नाजूक तिथेच असते. मी ती काढून मंजिरीचा दबका लूप ठेवला, दोन तासांनंतरचा थकवा निम्मा झाला.


वाघोडियाची_आई | मंगळवार, दुपारी ३:१५

माझा मुलगा १६ वर्षांचा. खोलीत बसून बीट बनवतो, रॅप करतो. मी दारात उभी राहून जेवायला हाक मारते तर ऐकू जात नाही, खांद्याला हात लावावा लागतो. मला ते संगीत कळत नाही, पण त्याचा जीव त्यात आहे, बंद करायचं नाही. किती आवाज म्हणजे जास्त ते आईने कसं ओळखावं?


श्रवणिका | मंगळवार, संध्याकाळी ५:००

ताई, तुम्ही ओळखलंच आहे. हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललेलं हेडफोनमध्ये ऐकू जात नसेल तर आवाज जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे, मुलांसाठी ७५. आयफोनमध्ये हेडफोनची पातळी दिसते, काही अँड्रॉइड फोनमध्येही इशारा येतो. त्याला रागावू नका. त्याला हा धागा वाचायला द्या, सूरसागरकाठींचं मिक्सबद्दलचं वाचू द्या. झांजा टोचू लागल्या तर त्याच्याच बीट बिघडतील, हे त्याला माझ्या भाषणापेक्षा लवकर पटेल. आणि एक ऑडिओग्राम आत्ताच करून ठेवा. नंतर तुलना करायला काहीतरी हवं. तपासणीच्या आधीचे १४ ते १६ तास मोठा आवाज नको, नाहीतर तात्पुरती बधिरताच कागदावर येते.


जुनं_बडोदं | मंगळवार, रात्री ८:२०

अलका याज्ञिकांनी २०२४ मध्ये स्वतः लिहिलं होतं, विमानातून उतरल्या आणि एकदम ऐकू येईना. तेही आवाजानेच का?


श्रवणिका | मंगळवार, रात्री ८:४५

नाही. त्यांनी स्वतः सांगितलं त्याप्रमाणे कारण विषाणूचा हल्ला, नसेशी संबंधित बहिरेपण. फार मोठ्या आवाजाबद्दल आणि हेडफोनबद्दलचा इशारा त्यांनी तरुणांना सोबत दिला, पण त्यांच्या बाबतीत कारण ते नव्हतं.

बरं झालं विचारलंत. एका कानाने एकदम, काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत ऐकू येणं कमी झालं तर ती तातडीची गोष्ट आहे, हात मोडल्यासारखी. त्याच दिवशी डॉक्टर. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त, दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. माझ्याकडे एक तबलावादक आले होते. सकाळी उठले तर डावा कान बंद. एका ठिकाणी मळाचे थेंब देऊन घरी पाठवलं. ते तीन आठवडे थेंब घालत राहिले. कान आला नाही. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो, म्हणून हे प्रत्येकाला सांगते: मळ आहे की नाही हे डॉक्टरने कानात बघूनच सांगायचं, अंदाजाने नाही.


पेटीवाली_आज्जी | बुधवार, सायंकाळी ७:१०

जाऊन आले. मळ नव्हता. डाव्या कानाला खालच्या स्वरांचं ऐकणं कमी झालंय. अजून दोन तपासण्या सांगितल्या आहेत, मीठ कमी करायला सांगितलंय, गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले, चढउतार होत राहतील, पण सांभाळता येईल.

आज मुलींना सगळं सांगितलं. सगळ्यांत लहान जी आहे, दहा वर्षांची, ती म्हणाली "आज्जी, मी जुळवते तंबोरा, तुम्ही उजव्या कानाने बघा". तिने जुळवला. बरोबर जुळवला.


सूरसागरकाठी | बुधवार, रात्री ९:५०

आज्जी, वाचून फार बरं वाटलं. नमस्कार सांगतो.

माझ्या शिट्टीबद्दल काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय म्हणून इथेच लिहितो. ती आहे. रात्री पंखा बंद केला की डावीकडे बारीक, वरच्या पट्टीत, न थांबता. पहिला महिना झोप लागत नव्हती. आता उशाशी अगदी हळू आवाजात पावसाचा आवाज लावून झोपतो, चालतं. ती कायमची घालवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती बघितल्या, ताईंना विचारलं, त्यांनी स्पष्ट सांगितलं की असं औषध नाही. सवय होते, मन तिच्याकडे लक्ष देणं सोडतं, त्यासाठी समुपदेशन आहे, गरज पडली तर श्रवणयंत्राचीही मदत होते.

कामात काय बदललं: झांजा, 'स', तारेची झिलई यांचे निर्णय आता एकट्याने घेत नाही. डोळ्यांसमोर स्पेक्ट्रम ठेवतो, चांगलं माहीत असलेलं एखादं रेकॉर्डिंग शेजारी लावतो, आणि शेवटचं मिक्स घरचा_स्टुडिओंना ऐकवतो. मावशींचे अभंग नव्याने केले. पैसे घेतले नाहीत.


ढोलमांडवी | पुढच्या रविवारी, दुपारी १२:४०

काल एका लग्नाची वरात होती. आधी ताईंनी लिहिल्याप्रमाणे आरशासमोर पाच वेळा प्लग घालायचा सराव केला, डोक्यामागून हात नेऊन. पहिला अर्धा तास विचित्र गेला, स्वतःचा आवाज डोक्यात घुमत होता, वाटलं काढून टाकावं. मग ध्यानात आलं की डाव्या पुडाचा घुमार मला वेगळा ऐकू येतोय. आधी सगळा एकच गडगडाट असायचा. हात हलका पडला, मनगट दुखलं नाही. एरवी ऐकू येत नाही म्हणून जोरात मारायचो हे आता कळलं.

घरी आलो, जेवणं झाल्यावर गच्चीवर गेलो. कापूस कोंबल्यासारखं नव्हतं. उजवीकडे अगदी बारीक शिट्टी होती, सकाळी गेली. ताई, हे तपासणीच्या वेळी सांगायचं का?


श्रवणिका | पुढच्या रविवारी, दुपारी १:०५

सांगायचं. कोणत्या कानात, किती वेळ राहिली, त्या दिवशी किती तास वाजवलंत, सगळं. एका वहीत लिहायला सुरुवात करा, तारखेसकट. आणि प्लग अजून थोडा आत जायला हवा, उजवीकडचा बहुधा नीट बसला नव्हता.


ध्वनी_वारसिया | पुढच्या रविवारी, रात्री ९:१५

उत्तरायणाला (संक्रांतीला) गच्चीवर स्पीकर लावणारे बरेच जण मला आत्तापासून फोन करतायत. या वेळी सगळ्यांना एकच सांगतोय: स्पीकर कठड्यावर, तोंड बाहेर आणि वर, माणसं त्याच्या मागे. लहान मुलं समोर बसवू नका.

सूरसागरकाठी, शनिवारी सकाळी मोकळा आहे. तुमचा कीबोर्ड आणि ड्रमरला घेऊन या. माझ्याकडचा मीटर तपासून घेतलेला आहे, तो ठेवून एकदा पूर्ण सेट वाजवू आणि कोणाच्या कानाशी किती येतं ते कागदावर मांडू.


सूरसागरकाठी | पुढच्या रविवारी, रात्री ९:३२

दहा वाजता येतो. क्रॅश झांज कोणत्या उंचीवर ठेवायची ते तिथेच ठरवू.